मालने, गाडी सुटायच्या आधी

मालने, तुझ्या मयतीला साहेब भाषण करून गेले. अमरधामात चिता धड पेटलीसुद्धा नव्हती, आणि हे रुमालानं कपाळ पुसत म्हणतात, "देवरेबाई म्हणजे अत्यंत शांत आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व." शांत! तू आणि शांत! मला हसू फुटलं गं. तोंडावर पदर धरला तर शेजारच्या सिस्टरला वाटलं हुंदका आला, तिनं मला गच्च धरून ठेवलं. तू असतीस तर त्यांच्या अंगावर चप्पल भिरकावली असतीस.

तुझ्या दिरानं आम्हाला बघून तोंड वाकडं केलं होतं. म्हणाला, बायांनी मसणात येऊ नये. मी म्हटलं, भाऊ, जिथं पोलीस पाटील आत जायला घाबरायचा तिथं आम्ही लशीचे थर्मास घेऊन गेलोय, आम्हाला मसणाची काय भीती दाखवता? बिचाऱ्यानं वाट सोडली. सगळ्या नर्सबाया, सुपरवायझर बाया शेवटपर्यंत थांबल्या. ज्वाळांची धग तोंडावर येत होती तरी कुणी मागं सरकलं नाही.

परत निघताना आम्ही ऑफिसच्या जीपमध्ये कोंबून बसलो. रज्जाकभाईंनी किल्लीला हात लावला आणि नेहमीसारखं मागं वळून बघितलं. गाडी सुटायच्या आधी एकेकीच्या खांद्याला हात लावून नाव घ्यायचं, तिनं "आले" म्हणायचं, ही तूच लावलेली सवय. मी नावं घेतली. सगळ्या "आले" म्हणाल्या. आता फक्त "चला" म्हणायचं होतं. मालने, तो शब्द माझ्या तोंडून निघेना. पाठीमागं तू जळत होतीस. शेवटी रज्जाकभाईंनीच माझ्याकडे न बघता गाडी काढली.

डोक्यातली नस फुटली म्हणे. मेथी निवडता निवडता खाली कोसळलीस. ब्लड प्रेशरच्या गोळ्या घे, घे, म्हणून मी घसा कोरडा केला होता. दुनियेला ज्ञान पाजळायचीस, पोलिओचा डोस चुकवू नका, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि स्वतःच्या गोळ्या टेबलाच्या खणात. तुझी गोळ्यांची पाकिटं मला परवा तिथंच सापडली. मी ती उचलून भिंतीवर आपटली. सगळ्या खोलीभर गोळ्या झाल्या. मग मीच वेचल्या, करणार काय.

तुझं कपाट रिकामं करायच्या आत साहेबांनी मला आत बोलावलं. सोमवारपासून सुपरवायझर बायांची नवी बॅच. "देवरेबाईंच्या जागी तुम्हीच घ्या, पण तो दंगलीचा तास आता बंद करा. सरकारी ट्रेनिंगमध्ये रक्त निघणं शोभत नाही." मी म्हटलं, बघते. ते म्हणाले, बघायचं काही नाही, तो तक्ता लावा आणि शिकवा. तो तक्ता तुला आठवतो ना? 'नेतृत्वाचे गुण'. वर एक हाताचं चित्र, खाली लिहिलंय, टीम म्हणजे एका हाताची बोटं. तू पहिल्याच दिवशी तो भिंतीवरून टरकावून काढला होतास. म्हणालीस, "बोटं हाताला चिकटलेली असतात गं शांते. माणसं कुठं चिकटलेली असतात? माणसं मागं राहतात."

मग तू दंगल काढलीस. सेंटरच्या मागच्या पटांगणात रज्जाकभाईंची जीप उभी करायची. बॅचमधल्या अर्ध्या बाया म्हणजे गाव, अर्ध्या म्हणजे टीम. एकीला सुपरवायझर करायचं. टीमनं टेबलं मांडून लस द्यायचं नाटक करायचं, आणि तू शिट्टी वाजवलीस की गावानं अंगावर धावून जायचं. दगडांऐवजी मातीची ढेकळं, काठ्यांऐवजी तुरीच्या काड्या. पण गाव झालेल्या बाया काय नाटक करायच्या? वर्षानुवर्षं ज्यांनी मीटिंगमध्ये उभं राहून शिव्या खाल्लेल्या, टार्गेट टार्गेट करून ज्यांना पिळून काढलेलं, त्या एकदा सुटल्या की सुटल्याच. वणीकडच्या एका बाईनं दुसरीला अशी थोबाडीत दिली की तिच्या नाकातून भळभळा रक्त आलं. कुणाच्या केसांचा बुचका उपटला गेला, कुणाचं ब्लाउज टराटरा फाटलं. जीपचा ताडपत्रीचा टप फाटला तेव्हा रज्जाकभाई तुझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. आणि तू मधोमध उभी, शिट्टी दातात, ओरडतेस, "मारा! अजून मारा! खरं गाव शिट्टी वाजवून थांबत नसतं!"

आणि दर बॅचला तेच व्हायचं. गाव अंगावर आलं की टीम पळायची ती थर्मासकडं. लशीचे थर्मास उचल, जीपमध्ये टाक. सुपरवायझर पुढं बसून ओरडायची, "सामान आलं का?" मागून आवाज यायचा, "आलं, आलं!" गाडी सुटायची. आणि पटांगणात एखादी बाई राहिलेली असायची, गावाच्या तावडीत, लोळागोळा. मग तू जीपला आडवी जायचीस आणि बॉनेटवर दणादणा मुठी आपटायचीस. रागावलीस की तुझी सटाण्याकडची बोली वर यायची. "कोन ऱ्हायनं? सांग, कोन ऱ्हायनं?" ती सुपरवायझर थर्मास मोजायला लागायची, आणि तू तिच्या हातातला थर्मास घेऊन दाणकन जमिनीवर आपटायचीस. आतली काच फुटल्याचा आवाज झाला की सगळ्या तुझ्याकडं वळायच्या.

मग तू ती गोष्ट सांगायचीस. "एक सुपरवायझर होती," अशी सुरुवात. आणि मी कोपऱ्यात उभी राहून माझा वाकडा हात पदराखाली घ्यायची.

ती गोष्ट मी आज तुलाच सांगते. आपण दोघी कधी एकमेकींशी ती बोललोच नाही. दहा वर्षांत एकदाही नाही, त्या शेवटच्या भांडणापर्यंत.

आणीबाणी नुकतीच उठली होती. हरसूलच्या पलीकडचा एक पाडा. आदल्या साली तिथले बाप्ये बाजारातून गाड्यांत घालून ऑपरेशनला नेले होते. म्हातारा बघितला नाही, बिनलग्नाचा बघितला नाही. आपण तेव्हा त्या गाड्यांवर नव्हतो, पण पाड्याला काय ठाऊक? पाड्याला जीप दिसली आणि पांढरी लुगडी दिसली. आपण पोरांना त्रिगुणी लस टोचायला गेलो होतो. सकाळ बरी गेली. दुपारी एक पोर टोचल्यावर किंचाळलं आणि कुणीतरी ओरडलं, "आता आमच्या पोरांना बी खच्ची करायला आल्या का गं रांडांनो?" बस्स. पहिला दगड टेबलावर पडला. दुसरा माझ्या पाठीत.

त्यांचा राग खोटा नव्हता, मालने. हे तूही म्हणायचीस, मीही म्हणते. पण पाठीत दगड बसला की कुणाचा राग खरा आणि कुणाचा खोटा हे सुचत नाही. मी माझा थर्मास जीपमध्ये फेकला. चढणार तेवढ्यात बघितलं, तान्हं घेऊन बसलेली एक बाई त्या झोंबाझोंबीत खाली पडली होती आणि माणसं तिच्यावरून धावत होती. मी वळले. तिला उठवलं. तेवढ्यात माझी वेणी कुणीतरी मागून धरली.

तू पुढच्या सीटवर होतीस. सुपरवायझर तू. मला तुझा आवाज अजून ऐकू येतो. "सामान आलं का?"

मागून आपला ऑफिसचा शिपाई म्हणाला, "आलं बाई. सगळ्यांचे थर्मास आले."

प्रत्येकीचा थर्मास तिच्या जिवाला बांधलेला, तो हरवला तर नोकरी जाते, म्हणून थर्मास आला म्हणजे बाई आली. हाच आपला हिशोब. गाडी सुटली. मी धुळीत बघत राहिले. "मालन!" म्हणून ओरडले, "मालनबाई!" म्हणून ओरडले. वेणी धरून मला फरफटत नेलं. तोंडावर लाथ बसली. कुऱ्हाडीचा दांडा आला तो मी हातावर घेतला आणि कोपराच्या खाली काड्कन आवाज झाला. स्वतःचं हाड मोडल्याचा आवाज कानात राहतो, जात नाही. मी मातीत पडले आणि मनात एकच, गेली ही. मला टाकून गेली.

बॅचला तू गोष्ट इथंच थांबवायचीस. "गेली ती सुपरवायझर. सामान घेऊन गेली." मग विचारायचीस, "तुम्ही काय कराल अशा बाईचं?" आणि बाया पेटायच्या. कुणी म्हणायची तिला नोकरीवरून काढा, कुणी म्हणायची त्याच पाड्यावर नेऊन सोडा. सिन्नरकडची एक तर थुंकली होती, खरोखर थुंकली, तुझ्या पायाजवळ. तू पाय मागं घेतला नाहीस. उभी राहून सगळं ऐकून घ्यायचीस, दर बॅचला. आणि मग रज्जाकभाईंना चहा सांगायचीस.

मला ते बघवायचं नाही. कारण गोष्ट तिथं संपत नाही, हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

घाटाच्या वळणावर जीप हेलकावली आणि माझा थर्मास तुझ्या पायाशी घरंगळत आला. त्याला मी जुन्या लुगड्याचं निळं फडकं बांधलेलं. तू मागं वळून बघितलंस. मी नव्हते. तेव्हाचा ड्रायव्हर म्हणाला, बाई, मला पोरंबाळं आहेत, मी गाडी वळवणार नाही. तू चालत्या गाडीतून उडी मारलीस. हे मला शिपायानं सांगितलं, तू नाही. चढ चढत, चपलेचा अंगठा तुटला तर अनवाणी, तू एकटी त्या पाड्यात परत आलीस. मी एका डोळ्यानं बघितलं, दुसरा सुजून मिटला होता. लुगड्याचा काचा मारलेला, हातात धोंडा, तोंडात घाणेरड्यातल्या घाणेरड्या शिव्या. माझ्या छातीवर पाय ठेवून जो उभा होता त्याच्या गुडघ्यावर तू तो धोंडा घातलास. मग तुझ्यावर तुटून पडले. तुझ्या डाव्या कानावर बसलेला तो फटका! त्या कानानं तुला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तू माझ्या अंगावर आडवी पडलीस आणि पडूनच राहिलीस. काठ्या तुझ्या पाठीवर पडत होत्या आणि मला प्रत्येक काठी तुझ्या अंगातून कळत होती.

मी उठवलेली ती बाई आठवते? तान्हं कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि आपल्याच माणसांवर केकाटली, "मारून टाकता का बायांना? लय झालं!" तिनं आपल्याला घरात ओढलं आणि आतून कडी घातली. म्हणून आपण जगलो. पोलीस आले, आपल्याला नाशिकला आणलं. तेव्हाचे साहेब दवाखान्यात आले आणि पहिलं वाक्य काय बोलले? "थर्मास फुटला नाही ना?" तू खाटेवरून उठून त्यांच्या अंगावर गेलीस. दोन वॉर्डबॉयनी तुला आवरलं.

पण मला तू काय म्हणालीस? काहीच नाही. एक शब्द नाही. माझा हात प्लास्टरमध्ये होता तेवढे सगळे रविवार तू आमच्या कॉलनीत यायचीस, बुद्धाच्या फोटोखाली फतकल मारून बसायचीस, आईच्या हातचा चहा प्यायचीस आणि माझं डोकं धुऊन द्यायचीस. शिकेकाई डोळ्यांत गेली तरी थांबायची नाहीस. केस विंचरताना असे खसाखसा ओढायचीस की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणायची, अगं हळू, लेकरू आहे ते. तू म्हणायचीस, हळू केलं की गुंता सुटत नाही. मला वाटायचं आता बोलेल, आता म्हणेल, शांते, चुकले गं. नाही म्हणालीस. वेणी घालायचीस आणि जायचीस.

तुला ट्रेनिंगवर नेमलं तेव्हा तू साहेबांना सांगितलंस, शांता माझ्याबरोबर पाहिजे. मी आले. का आले, देव जाणे. देव नाही मानत मी, तरी म्हणते. आले आणि तुझी ती अर्धी गोष्ट दर बॅचला ऐकत उभी राहिले.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच. बॅच गेली होती, पटांगणात फुटलेल्या काचा पडलेल्या. मी म्हटलं, "मालन, एक तर नाव सांग नाही तर गोष्ट पुरी सांग. एक सुपरवायझर होती, एक सुपरवायझर होती, हा काय चोरटेपणा?"

"नाव सांगितलं की बाया माझ्याकडं बघतील. चुकीकडं बघणार नाहीत."

"मग परत आली ते तरी सांग!"

"ते नाही सांगणार." तू झाडू फेकून दिलास. "परत आले ते सांगितलं की सगळ्या टाळ्या वाजवतील. आणि प्रत्येकीला वाटेल, सोडून गेलं तरी चालतं, मागनं परत येता येतं. परत येईपर्यंत हात मोडलेला असतो, शांते. तुझा हात मोडला तेव्हा मी गाडीत होते."

"मग मला ते सांग ना! बायांना काय सांगतेस? मला सांग!"

तुझा जो बरा कान होता तो तू माझ्याकडं केलास, जणू पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. आणि मग तोंडातून ते बोललीस. "तुला काय तुझा मोडका हात मिरवायचाय का?"

मी टेबलावरचा कप तुझ्या अंगावर फेकला. तू चुकवलास. मी घरी गेले. त्यानंतर आपण बोललो नाही, आणि मग मेथी निवडता निवडता तू गेलीस. हे काय वागणं झालं, मालने? भांडण अर्धं टाकून जायचं? माफ केलं असं मी आजही म्हणणार नाही. तू माफी मागितलीच नाहीस. पण तू धुवायचीस तसे माझे केस पुन्हा कुणी धुतले नाहीत, हेही खरं आहे. आणि तू अंगावर पडली नसतीस तर मी आज हे लिहायला उरले नसते.

म्हणून आज सोमवारी मी काय केलं ते ऐक. तक्ता लावला नाही. साहेब अंबडला कुठल्यातरी उद्घाटनाला गेले होते, ते बरंच झालं. मागच्या पटांगणात जीप आणवली. तुझी शिट्टी माझ्या दातात. सुरगाण्याकडची गावित म्हणून एक बाई, नवी सुपरवायझर, अंगानं एवढीशी, तिला पुढच्या सीटवर बसवलं. शिट्टी वाजली. गाव धावून आलं, ढेकळं उडाली, एकीचा ओठ फुटला. सगळ्या थर्मासकडं पळाल्या. गावितबाईनं विचारलं, "सामान आलं का?" आणि त्र्यंबककडची एक पोरगेलीशी बाई पटांगणात राहिली, चार जणींच्या खाली.

मी थर्मास आपटला. एक सुपरवायझर होती, म्हणून सुरू केलं. तुझ्यासारखीच गोष्ट पाड्यावर सोडून थांबले. म्हटलं, काय कराल अशा बाईचं? गावितबाई उसळली. "जोड्यानं मारायला पाहिजे तिला! तिच्या हातात माणसं द्यायचीच नाहीत!"

तुझ्यासारखं गप्प उभं राहणं मला जमलं नाही. मी पदर बाजूला केला आणि हात पुढं केला. सरळ होत नाही तो, तसाच. म्हटलं, "मागं राहिली ती बाई मी. आणि सोडून गेली ती मालन देवरे. हा तास जिनं काढला ती."

रज्जाकभाई जीपमधून खाली उतरून उभे राहिले.

गावितबाई म्हणाली, "मग बाई, तुम्ही तिच्या हाताखाली इतकी वर्षं कशा राहिलात?"

"ती परत आली होती." एवढं बोलले आणि मग माझं मलाच आवरेना. सगळं सांगितलं. उडी, धोंडा, कान, सगळं. नाक पुसत सांगितलं, हुंदके देत सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत, मालने. तुझी भीती खोटी होती. त्र्यंबककडची ती पोरगी मातीतून उठली आणि म्हणाली, "पण हात तर मोडला ना." मी म्हटलं, हो. मोडला.

मग गावितबाई म्हणाली, पुन्हा एकदा करू. मी शिट्टी वाजवली. गाव आलं. या खेपेला थर्मास टेबलावरच राहिले, उलथेपालथे झाले, एक फुटला. गावितबाई सीटवरून उतरून मागं आली, ढेकळं अंगावर घेत, एकेकीला तिनं दंडाला धरून चढवलं, नाव घेतलं. आले, आले, आले. मग पुढं जाऊन बसली. रज्जाकभाईंनी गाडी सुरू केली. गाडी फाटकाकडं निघाली आणि मी पटांगणात उभी राहून धुळीत बघत होते. म्हटलं, झालं. शिकल्या.

गाडी थांबली. गावितबाई उतरून माझ्याकडं चालत आली.

"बाई, तुम्ही राहिलात."

"अगं मी टीममध्ये नाही. मी शिकवणारी."

"ते मला ठाऊक नाही. तुम्ही राहिलात." आणि तिनं माझा हात धरला, नेमका वाकडा, आणि ओढत नेलं. दुखला. जाम दुखला. मी सोड म्हटलं नाही. आतल्या बायांनी सरकून जागा केली. माझ्या खांद्याला हात लावून तिनं माझं नाव घेतलं. माझ्या तोंडून "आले" निघालं.

रज्जाकभाईंनी वळून बघितलं. त्या दिवशी अमरधामाबाहेर बघितलं होतं तसंच. गावितबाईही माझ्याकडंच बघत होती.

मी म्हटलं, "चला."